आफ्रिकावाला

युसूफभाई दुकानात ताडपत्री कापत होते, कापता कापताच खाली बसले. गिऱ्हाइकाला वाटलं, कात्री निसटली म्हणून उचलायला वाकले. मोईज गल्ल्यावरून उठून येईपर्यंत वडिलांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजवा हात ताडपत्रीवर नुसता पडून होता, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा.

धुळ्यात दोर, सुतळी आणि ताडपत्रीची जी थोडी जुनी दुकानं उरली आहेत, त्यांतलं हे एक. दुकानावर पाटी आहे, पण पाटीवरचं नाव कोणी घेत नाही. शेतकरी असो की ट्रकवाला, विचारतो ते "आफ्रिकावाल्याचं दुकान कुठंय?" असंच. युसूफभाईंचा जन्म झांजिबारचा. सोळाव्या वर्षी आईबापांबरोबर बोटीनं मुंबईला उतरले आणि एका लांबच्या नातलगाच्या आधारानं धुळ्याला आले, एवढं सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यापलीकडचं कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या बायकोला, ताजबीलासुद्धा नाही.

ताजबी शिंदखेड्याकडच्या पिंजाऱ्याची मुलगी. युसूफभाई मूळचे कच्छी, पण त्यांच्या लोकांत या कफल्लक आफ्रिकावाल्याला कोणी मुलगी देईना, म्हणून सोयरीक पिंजाऱ्याच्या दारी आली. लग्नाच्या नव्या नवलाईत तिनं एकदा विचारलं होतं, "तुमचं गाव कसं होतं हो?" ते म्हणाले होते, "तिथं लवंग होती, इथं कापूस आहे." बस्स. पुढं मुलंबाळं झाली, नातवंडं झाली, दुकान नातलगाकडून विकत घेतलं, पण त्या गावाचा विषय घरात निघाला नाही. निघालाच तर युसूफभाई चप्पल घालून बाहेर पडत.

एक शब्द मात्र ते तिकडून घेऊन आले होते, आणि तो तिकडचा आहे हेही कोणाला माहीत नव्हतं. पोर धडपडलं, कोणाला ठेच लागली, की ते म्हणत, "पोले, पोले." ताजबीला वाटे, कच्छी असेल. तीही म्हणू लागली. मोईज म्हणू लागला, मोईजची मुलगी अर्शी म्हणू लागली. एवढंच काय, शेजारच्या द्रौपदाबाई नातवाच्या गुडघ्यावर फुंकर घालताना "पोले रे भाऊ, पोले" म्हणत.

दवाखान्यात युसूफभाई काही दिवस नुसते पडून होते. मग एका सकाळी त्यांनी डोळे उघडले, ताजबीकडे पाहिलं आणि बोलले.

ताजबीला आधी आनंद झाला. मग तिच्या लक्षात आलं, की यातलं आपल्याला काहीच कळलं नाही. तिला वाटलं, पाणी मागतायत. तिनं चमचा ओठांना लावला. त्यांनी मान फिरवली आणि पुन्हा तेच म्हटलं, जरा मोठ्यानं. तिनं चादर ओढली, चादर काढली, पंखा लावला, पंखा बंद केला. ते बोलतच राहिले. शेवटी डोळे मिटून घेतले, आणि मिटल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं.

डॉक्टर म्हणाले, "मेंदूचा बोलण्याचा भाग दुखावलाय. आपण बोललेलं त्यांना थोडंफार समजतं, पण ते जे बोलतायत ते शब्द नाहीत. नुसते आवाज आहेत. याला अर्थ नसतो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

घरी आणल्यावर पुढच्या खोलीत खाट टाकली. ताजबीनं "डावा हात वर करा" म्हटलं की ते करत. "भूक लागली का?" म्हटलं की मान हलवत. म्हणजे आत माणूस जागा होता. पण तोंड उघडलं की तेच. बरं, ते अडखळत नव्हते, चाचपडत नव्हते. जीभ जड होती, तरी बोलणं सलग येत होतं, उतारावरून पाणी यावं तसं. द्रौपदाबाई दुपारच्या येऊन बसत. एक दिवस त्या म्हणाल्या, "ताजबी, हाई बडबड नई शे व. हाऊ माणूस काहीतरी सांगस."

"सांगतात ते कळतंय मला, अक्का," ताजबी म्हणाली. "काय सांगतात तेच तर कळत नाही."

अर्शी जळगावला फार्मसी शिकत होती, हॉस्टेलवर राहत होती. शनिवारी ती आली आणि दादाजींच्या उशाशी बसली. ते तिच्याशी बोलू लागले. थोडा वेळ ऐकून तिनं आजीचा हात धरला.

"दादी, हे आवाज नाहीत. आमच्या कॉलेजात एक मुलगा आहे, झांजिबारचा. मेसमधून घरी फोन करतो ना, तेव्हा असंच बोलतो. दादाजींकडे लहानपणची भाषाच तेवढी उरलीय."

तिनं फोन काढून त्यांच्या तोंडाशी धरला. हल्ली फोन सगळ्या भाषांचा अर्थ सांगतो म्हणतात. पण वाकड्या तोंडातून निसटणारे ते शब्द फोनला उमगेनात. एकदा त्यानं 'केळी' असं लिहून दाखवलं, एकदा 'राष्ट्रपती', आणि मग काहीच नाही.

"मी त्यालाच घेऊन येते," अर्शी म्हणाली.

मोईज दारात उभा होता. "परका मुलगा घरात? तोही..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही.

"तुला कळतंय का तुझे अब्बा काय म्हणतात ते?" ताजबीनं विचारलं. मोईज दारातून बाजूला झाला. "मग येऊ दे त्याला."

मुलाचं नाव मकामे. उंच, काटकुळा, कानटोपी घातलेला. धुळ्याची थंडी त्याला सोसत नव्हती. अर्शीबरोबर जळगावच्या एसटीनं उतरून तो गल्लीत शिरला तेव्हा चहाच्या टपरीवरून कोणीतरी ओरडलं, "अरे, आफ्रिकावाल्याकडं खराखुरा आफ्रिकावाला आला!" सगळे हसले. ताजबी दारात उभी होती, तिनं ते ऐकलं. मकामेनंही ऐकलं असावं, कारण जळगावात राहून त्याला हिंदी येऊ लागली होती. पण त्यानं मान वर केली नाही. चपला काढल्या, सलाम केला आणि सरळ खाटेपाशी जाऊन वाकला.

"शिकामू," तो म्हणाला, थोरांना नमस्कार करावा तशा सुरात.

युसूफभाईंचा चेहरा हलला. चांगली बाजूही हलली आणि मेलेली बाजूही हलल्यासारखी वाटली. "मरहबा," ते म्हणाले. मग डाव्या हातानं त्यांनी त्या मुलाचं मनगट घट्ट धरलं आणि बोलत सुटले.

ताजबी चहा घेऊन उभीच राहिली. घरात इतक्या दिवसांनी कोणीतरी त्यांना उत्तर देत होतं. ते विचारत होते, मुलगा सांगत होता. एकदा तर ते हसले. लग्न झाल्यापासून तिनं हे हसू पाहिलं नव्हतं. हे तिच्या ओळखीच्या माणसाचं हसूच नव्हतं. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्या आनंदाबरोबरच आपण या घरात पाहुण्या आहोत असं तिला वाटलं.

"काय म्हणतात?" तिनं विचारलं.

मकामे वळला. "बीबी, त्यांची टाच दुखते. उजवी नाही, डावी. फार दिवसांपासून सांगतायत."

त्याच्याकडे आजीला बीबी म्हणतात आणि आजोबांना बाबू, हे अर्शीनं नंतर सांगितलं. त्या वेळी ताजबीला ते ऐकूसुद्धा आलं नाही. तिनं पांघरूण बाजूला केलं, थंडीचे म्हणून घातलेले मोजे उतरवले. ती दोन दिवसांआड अंग पुसायची, पण काळजी सगळी लुळ्या पायाची. चांगल्या पायाला काय होणार, म्हणून मोजा कधी नीट काढलाच नव्हता. टाचेची कातडी निघाली होती. आत लाल मांस दिसत होतं, आणि मोज्याचा धागा त्याला चिकटला होता.

"पोले," ताजबी पुटपुटली. "पोले, पोले."

मकामे चमकून तिच्याकडे पाहू लागला. "बीबी, हा शब्द तुम्हाला कोणी शिकवला? हा तर आमचा आहे."

त्यानंतर मकामे दर रविवारी येऊ लागला. अर्शीबरोबर कधी, कधी एकटाच. ताजबी त्याला बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढी. तो तिखटानं डोळे पुसत खाई. टपरीवरचे लोक त्याला पाहून पाहून थकले आणि हसायचे थांबले. टाच हळूहळू भरत आली.

त्या रविवारांनी ताजबीला तिचा नवरा कळत गेला, तुकड्यातुकड्यांनी, एका परक्या मुलाच्या मोडक्या हिंदीतून.

त्यांच्या वडिलांचं दुकान बंदरावर होतं. शिडाच्या गलबतांना लागणारा दोर विकायचे. बेटावर राज्य सुलतानाचं, पण सुलतानाच्या वर इंग्रज. माणसांच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. सगळ्यात वर गोरा, मग अरब जमीनदार, मग हिंदी दुकानदार, आणि तळाला ज्यांच्या पाठीवर बंदर चालायचं ते काळे लोक. शाळा वेगळी, दवाखान्यातली खोली वेगळी, खेळायचं मैदान वेगळं. हिंदी लोक दगडी गावात राहायचे, जाडजूड लाकडी दारांच्या आत. खाडीपलीकडे मातीच्या घरांत बाकीचे.

खामीस तिथला. त्याचा बाप युसूफच्या वडिलांच्या दुकानात हमाली करायचा. दोघं पोरं एका वयाची, गोद्यांमागच्या वाळूत फुटबॉल खेळून दोस्त झालेली. खामीसला सभांचं वेड होतं. तेव्हा सगळ्या आफ्रिकेत वारं सुटलं होतं; आज हा देश सुटला, उद्या तो सुटणार, अशा बातम्या रेडिओवर येत. खामीस युसूफला मागच्या रांगेत लपवून सभांना न्यायचा. युसूफ तिथं घसा फुटेस्तोवर ओरडायचा. एकदा बापाला कळलं, बापानं दोराच्या तुकड्यानं फोडून काढलं. "हे त्यांचं आहे, आपलं नाही," बाप म्हणाला. युसूफ म्हणाला, "मी इथंच जन्मलो. माझं कसं नाही?"



"पुढं?" ताजबीनं विचारलं.

पुढं त्रेसष्टच्या डिसेंबरात इंग्रजांचा झेंडा उतरला. दोघं पोरं गर्दीत हातात हात घालून उभी होती. युसूफ रडत होता. खामीस रडत नव्हता. तो म्हणाला, "युसूफ, इंग्रज गेला. पण माझा बाप उद्याही तुझ्या बापाचे दोर पाठीवरून वाहणार आहे."

त्यानंतर महिना पुरा झाला आणि बेट पेटलं. सुलतान पळाला. अरब मारले गेले, हिंदी मारले गेले, दुकानं फुटली.

ताजबीनं मकामेकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता.

"बीबी, मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "आम्हाला शाळेत शिकवलं, की डिसेंबरातलं स्वातंत्र्य खोटं होतं. खरं जानेवारीत आलं. त्या दिवशी आमच्याकडे सुट्टी असते, परेड असते. माझे आजोबा बंदरावर ओझी वाहायचे, तेही त्यात होते. पोलीसठाण्यावर चालून गेलेल्यांत. नंतर सरकारनं त्यांना तीन एकर लवंगांची बाग दिली. त्या बागेवर माझे वडील शिकले. मी इथं आलो तो त्याच बागेच्या जिवावर."

ताजबीला रागवावंसं वाटलं, पण रागवायचं कोणावर हे कळेना. ज्या आजोबाचा जन्म ओझी वाहण्यात गेला त्याच्यावर? की पुढ्यातल्या या पोरावर, ज्यानं तिच्या नवऱ्याच्या टाचेचं दुखणं तिला सांगितलं होतं?

"यांना माहीत आहे?" तिनं खाटेकडे मान करून विचारलं.

"पहिल्याच दिवशी सांगितलं."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, लवंगा चांगल्या येतात का?"

ताजबीनं पदर तोंडाला लावला. मग आठवून म्हणाली, "हे झोपेत एक शब्द घेतात. रोज घेतात. फुंगा... फुंगुआ म्लांगो."

"दार उघड," मकामे म्हणाला.

ताजबीची नजर आपोआप दाराकडे गेली. दार उघडंच होतं. पडदा हलत होता.

मकामेनं खाटेकडे वळून विचारलं. युसूफभाईंनी सांगायला बराच वेळ घेतला. सांगताना ते छताकडे बघत होते.

गोळ्यांचे आवाज येऊ लागल्यावर त्यांच्या बापानं दाराला आतून लाकडी अडणा घातला होता. सगळे अंधाऱ्या जिन्याखाली बसले होते. तेवढ्यात दारावर थापा पडल्या. आवाज खामीसचा होता. "युसूफ, दार उघड!" युसूफ उठला. बापानं त्याला मागून मिठी घातली, आईनं त्याच्या तोंडावर हात दाबला. खामीस हाका मारत राहिला. मग हाका थांबल्या. ज्या दिवशी ते बाहेर पडले, त्या दिवशी सरळ बंदरावर गेले आणि बोटीत बसले. खामीस पुन्हा दिसला नाही.

"बाबू म्हणतात," मकामे म्हणाला, "साठ वर्षं एकच विचार करतोय. तो मला मारायला आला होता, की वाचवायला आला होता, की त्यालाच आत लपायचं होतं?"

ताजबीला आठवलं, लग्नानंतर कित्येक वर्षं हा माणूस दारावर थाप पडली की दचकायचा. ती म्हणायची, दूधवाला आहे. एवढ्या वर्षांत तिनं कधी विचारलं नाही, की दचकता का.

युसूफभाईंनी पुन्हा मकामेचं मनगट धरलं होतं. या वेळी ते विनवत होते, ते भाषेवाचूनही कळत होतं. खामीसचा शोध घे. खामीस वुआई. वुआई हमालाचा मुलगा. जिवंत असेल तर त्याला विचार, का आला होतास.

मकामेनं तिथूनच आजीला फोन लावला. पलीकडे कोंबडे आरवत होते. आजीनं ऐकून घेतलं आणि मोठ्यानं हसली. ते हसू काही चांगलं नव्हतं. ती तरुणपणी एका हिंदी घरात आया होती.

"काय म्हणाली?" ताजबीनं विचारलं.

मकामे जरा घुटमळला. "म्हणाली, आता चौकशी करतात का?"

पण म्हातारी मनाची वाईट नव्हती. तिनं शोध घेतला. जानेवारीच्या शेवटी मकामे आला तेव्हा आत न जाता ओट्यावरच बसला.

"बीबी, खामीसची गल्लीच आता नाही. सरकारनं मातीची घरं पाडून मोठमोठ्या चाळी बांधल्या. लोक पांगले. आजीला एक म्हातारी भेटली, तिला वुआई हमाल आठवतो. त्याच्या एका मुलाला काही वर्षांनी नव्या सरकारच्या लोकांनी उचलून नेलं. काहीतरी बोलला म्हणून. तो परत आला नाही. पण वुआईला चार मुलगे होते. नेलेला खामीसच होता की दुसरा, ते तिला सांगता येत नाही."

द्रौपदाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. अर्शीनं त्यांना आधीची हकिगत सांगितलेली होती. त्यांचे हात थांबले. "म्हणजे ज्यांच्यासाठी लढला, त्यांनीच नेला?"

"तोच असेल तर," मकामे म्हणाला. "बीबी, बाबूंना काय सांगू? तुम्ही म्हणाल ते सांगतो. जिवंत आहे म्हणू? आठवण काढतो म्हणू?"

ताजबीनं विचार केला. खोटं बोलून माणसाला सुखानं जाऊ द्यावं असंही वाटलं. पण 'भूक लागली का'च्या पलीकडचं तिचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं; तिला ना ते खोटं सांगता येणार होतं, ना खरं. तिच्या नवऱ्याचं काळीज फोडायचं की सांधायचं, हे तिच्या हातात दिलं जात होतं, आणि तिच्या तोंडात त्यासाठी एक शब्द नव्हता.

"आहे ते सांग," ती म्हणाली. "जेवढं कळलं तेवढं. इतक्या वर्षांनी खोटं नको."

मकामे आत गेला. ती दारातून पाहत राहिली. तो हळूहळू बोलत होता. युसूफभाई ऐकत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, मकामेनं नाही अशी मान हलवली. मग त्यांनी त्याचं मनगट सोडलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

त्या दिवसापासून ते बोलेनासे झाले. मकामेशीही नाही. पेज घालावी तर गिळत, नाहीतर ओठ मिटून पडत. मोईजनं दुसऱ्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी सलाईन लावलं, फी नाकारली आणि जाताना मोईजच्या खांद्यावर हात ठेवला. मोईज त्यानंतर दुकानात जाऊन बसला. गिऱ्हाइकाला दोर द्यायच्या ऐवजी सुतळी देऊ लागला.

मकामेला पासपोर्टच्या कामासाठी दिल्लीला जावं लागलं. जाताना तो वाकून "शिकामू" म्हणाला. उत्तर आलं नाही.

एका दुपारी ताजबी उशाशी बसून पेज भरवत होती. समोर द्रौपदाबाई होत्या. युसूफभाईंनी भिंतीकडचं तोंड फिरवलं आणि तिच्याकडे पाहिलं. किती दिवसांनी पाहिलं. डोळे अगदी स्वच्छ होते. त्यांनी डावा हात तिच्या हातावर ठेवला आणि बोलू लागले. सावकाश, एकेक शब्द वेगळा करून.

"थांबा," ताजबी म्हणाली. "थांबा हो, जरा थांबा." तिनं मकामेला फोन लावला. तो गाडीत असेल. फोन लागत नव्हता. अर्शीला लावला. तिचं प्रॅक्टिकल चालू असेल. तिनं उचलला नाही.

"रेकॉर्डिंग कर ना व!" द्रौपदाबाई म्हणाल्या.

"कसं करतात ते?"

"माले काय माहीत? इकडे आण." द्रौपदाबाईंनी काचेवर इथं दाबलं, तिथं दाबलं. फोनमध्ये एकदम ताजबीचाच चेहरा दिसू लागला, घाबरलेला, जवळून. तिनं फोन खाटेवर टाकून दिला.

युसूफभाई तोवर थांबले होते. त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं, लहान मुलाला समजावावं तसं. ताजबी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. शब्द येत होते, जात होते. दोन-तीनदा एक शब्द आला, तो तिनं मनात धरून ठेवला. शेवटी त्यांचा आवाज वर चढला, विचारल्यासारखा, आणि ते थांबले. तिच्या चेहऱ्याकडे पाहत वाट बघू लागले.

तिनं द्रौपदाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"हो," ताजबी म्हणाली.

त्यांचा हात तिच्या हातावर दाबला गेला. कपाळावरची आठी गेली. त्यांनी डोळे मिटले, आणि मिटलेलं तोंड त्या दिवसांत पहिल्यांदाच सरळ दिसलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या अजानच्या आधी ते गेले.

मकामे दफनविधीला पोचू शकला नाही. तिसऱ्या दिवशी दिल्लीहून परस्पर धुळ्याला उतरला, पाठीवर बॅग तशीच घेऊन. खोलीतली खाट काढली होती. तो रिकाम्या जागेजवळ भिंतीला टेकून बसला आणि मोकळेपणानं रडला. मोईजनं त्याला पाणी आणून दिलं आणि त्याच्या शेजारी बसला.

ताजबी त्याचं रडणं थांबायची वाट पाहत होती.

"एक शब्द मी लक्षात ठेवलाय," ती म्हणाली. "पुन्हा पुन्हा म्हणत होते. तारूदी. पुढं काहीतरी होतं, पण तारूदी नक्की."

मकामेनं डोळे पुसले. "तारूदीच्या आधी काय होतं, बीबी? नि होतं की सि?"

"आधी?"

"नितारूदी म्हणजे मी परत येईन. सितारूदी म्हणजे मी परत येणार नाही."

ताजबी गोंधळून त्याच्याकडे पाहत राहिली. "पुन्हा म्हण."

त्यानं म्हटलं. नितारूदी. सितारूदी. तिनं डोळे मिटून ऐकलं. पहिलं ऐकलं की वाटे, हेच. दुसरं ऐकलं की वाटे, नाही, हे. तिनं त्याला पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा लावलं, आणि जितक्यांदा ऐकलं तितका नवऱ्याचा आवाज मागं मागं जाऊन मकामेचाच आवाज कानात बसत गेला. तिला भीती वाटली. तिनं हातानं त्याला थांबवलं.

"कुठं परत यायचं?" तिनं विचारलं. "तिकडं, की इकडं?"

"पूर्ण वाक्य असतं तर कळलं असतं."

"आणि शेवटी त्यांनी काहीतरी विचारलं. मी हो म्हणाले. मी कशाला हो म्हणाले, मकामे?"

त्यानं तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि तसाच बसून राहिला.

संध्याकाळी मोईजनं त्याला स्कूटरवर बसवून एसटी स्टँडला सोडलं. घरात बायका येत-जात होत्या. शिंदखेड्याहून ताजबीची चुलतबहीण आली होती. तिनं गळ्यात पडून रडून घेतलं, मग पदरानं तोंड पुसत विचारलं, सगळेच विचारतात तसं, "शेवटी काही बोलले का गं?"

"बोलले," ताजबी म्हणाली. "खूप बोलले."

"काय बोलले?"

द्रौपदाबाई चहाचे कप गोळा करत होत्या, त्या थांबल्या.

"मला कळलं नाही," ताजबी म्हणाली.